पाखरं अजून रस्त्यात आहेत

ती. मामा,

वाकून नमस्कार. (खरंच वाकलोय. या टेबलाचा एक पाय आखूड आहे, वाकल्याशिवाय त्याच्यावर लिहिताच येत नाही.)

आधी एक कबुली देतो, तब्येतीचं मागून विचारतो. आधी तब्येत विचारली की गप्पा लांबतात आणि कबुली द्यायची राहून जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तर मामा, आत्याच्या कॉम्प्युटरला काहीही झालं नव्हतं. ठणठणीत होता. मीच त्याच्या स्क्रीनचा फोटो काढला, तोच फोटो स्क्रीनवर मागे चिकटवला आणि दाबली की उघडणारी खरी चित्रं लपवून टाकली. दिसायला सगळं जागच्या जागी, पण माउसने कितीही टकटक केलं तरी आतून कुणी ओ देईना. आत्या थोडा वेळ टकटक करेल, बुचकळ्यात पडेल, मग मी शिट्टी वाजवत येईन, जादूगारासारखा हात फिरवीन आणि सगळं सुरू करून देईन, असा साधा बेत होता. पण तेवढ्यात काकांनी मला शिवलेले बिल्ले शाळेत पोचवायला पिटाळलं. शाळेच्या फाटकापाशी एक माणूस साबणाचे फुगे विकत होता. फुगे हातात धरता येत नाहीत, मग तो विकतो तरी काय, हे बघत मी जरा जास्तच थांबलो. परत येईपर्यंत कॉम्प्युटर मेल्याचं घरात ठरूनही गेलं होतं.

आता तब्येत. तुझे गुडघे कसे आहेत? दीपगृहाच्या मनोऱ्यावरचा दिवा अजून तूच पुसतोस की त्यालाही आता बटण आलं? तो दांडगा समुद्रपक्षी अजून तुझ्या खिडकीतून पाव पळवतो का? तुझ्याकडे नेट नाही, फोनही वाऱ्याच्या मर्जीवर लागतो, म्हणून हे कागदावर लिहितोय. (अक्षर लागलं नाही तर आईला आठवून वाच. तिला माझं अक्षर बरोबर लागायचं, नको तेव्हा नेमकं लागायचं.) आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे आत्या मजेत आहे, काका मजेत आहेत. मी कसा आहे ते तू पुढे वाचून ठरव.

तू सुट्टीवर आला होतास तेव्हा तो कॉम्प्युटर तूच जोडून दिला होतास, त्यामुळे दुकान तुला पाठ आहे. पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन, भिंतीवर रिळं, खिडकीला तोंड करून कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीनने ते दोऱ्याने भरायचं. दुपारी ऊन रिळांवर येतं तेव्हा सगळी भिंत पिकल्यासारखी दिसते आणि मला तिच्याकडे बघत झोप लागते. (झोप म्हणजे झोप नाही. डोळे उघडे असतात, फक्त मी आत नसतो. मास्तर याला बेशिस्त म्हणायचे, आत्या काहीच म्हणत नाही.) तू गेल्यानंतर एक मोठं काम आलं. लहान मुलांच्या दवाखान्याचे पडदे. प्रत्येक खाटेच्या पडद्यावर वेगळं पाखरू, म्हणजे पोराला आपली खाट पाखरावरून सापडावी. माझी खाट बगळ्याची, तुझी घुबडाची, असं. पडदे महिनाअखेरीला द्यायचेत. आत्याने एकेक पाखरू माउसने काढलं, सगळी थंडी त्यात गेली. एका मोराच्या मानेपायी तर तिने दोनदा आमटी करपवली. ती सगळी पाखरं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. हे वाक्य परत वाच मामा. होती.

मी शाळेतून परत आलो तर काका दुरुस्तीवाल्याकडे जाऊनही आले होते. (या दुरुस्तीवाल्याला सगळी गल्ली ‘थांबा-बघतो’ म्हणते. काही विचारा, तो म्हणतो थांबा, बघतो, आणि मग बघत नाही.) काकांनी त्याला सांगितलं की चित्रं दिसतात पण उठत नाहीत. त्याने या वेळीही न बघताच निदान केलं, की सगळी सिस्टीम नव्याने टाकावी लागेल. त्याचे दोन प्रकार असतात म्हणे. एक म्हणजे भरलेला डबा. त्यात सगळं असतं, सिस्टीम, तिची भाषा, परक्या मुलखांच्या भाषा, कुणी कधी न बघितलेल्या प्रिंटरची सामग्री, सगळं ठासून. नेटची गरज नाही, पण मोठा पेनड्राइव्ह लागतो आणि तो उद्या भरून मिळेल. दुसरा म्हणजे नुसती चिठ्ठी. एवढीशी फाइल. ती आत जाऊन बसते आणि मग नेटवरून लागेल तेवढं सामान मागवते, आत्ताच्या आत्ता. काकांनी विचार न करता चिठ्ठी उचलली.

काकांचा स्वभाव तुला माहीत आहे. आयुष्यभर लांबच्या गाड्या चालवल्या, पण सामान म्हणजे शर्टाच्या खिशात एक कंगवा आणि दात घासायचा ब्रश. बाकी तिथे मिळतं, हे त्यांचं ब्रीद. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते हात हलवत आले होते असं आत्या सांगते, आणि मिळाली ना बायको तिथे, असं काका सांगतात. आत्याचं उलटं. ती कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी पिशवीत सुईदोरा, मेणबत्ती, एक छत्री आणि जो छत्री विसरला असेल त्याच्यासाठी दुसरी छत्री. तिच्याकडे एका कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत आणि ते कुलूप कधीच हरवलंय. एक वस्तू म्हणजे वस्तूच नव्हे, असं तिचं मत. तर हे दोघं त्या कॉम्प्युटरच्या मढ्यासमोर उभे राहून भांडत होते आणि मी दारात बिल्ल्यांची रिकामी पिशवी घेऊन ऐकत होतो.

“अहो, नेट मधेच गेलं तर?” आत्या.

“गेलं तर येईल. नेट काय माहेरी जातंय?”

“आणि भरलेला डबा आणला तर काय बिघडतं? असलेलं बरं.”

“ज्या प्रिंटरचं तोंड बघितलं नाही त्याचं ओझं आपण का वागवायचं?”

“उद्या कुणी तसला प्रिंटर घेऊन दारात आलं म्हणजे?”

“त्याला चहा दे आणि परत पाठव!”

मामा, माझा खरा गुन्हा इथे आहे. फोटो चिकटवणं ही गंमत होती. पण त्या क्षणी मी ‘अहो, ते मेलेलं नाही, मीच केलंय’ एवढं बोललो असतो तर सगळं संपलं असतं. बोललो नाही. एक तर भांडण इतकं रंगात आलं होतं की मधे बोलणं पाप वाटलं. दुसरं म्हणजे त्याआधी मी आत्याच्या सगळ्या रिळांवरच्या रंगांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्या आणि एका वकिलाच्या रुमालावर जांभळं कमळ हिरवं उमललं होतं. तेव्हा काकांनी सांगून ठेवलं होतं, अजून एक उपद्व्याप आणि तुझी पाठवणी बापाच्या सिमेंटच्या गोदामात. गोदामात खिडकी नाही, मामा. तिथे मी आत नसलो तर जाणार कुठे?

मग आत्याने हळूच विचारलं, आणि माझी पाखरं? काका म्हणाले, अगं सगळं वरूनच येतं, पाखरंही येतील. आत्याने माझ्याकडे बघितलं. (शाळेत फार दिवे लावले नाहीत तरी कॉम्प्युटरमधलं मला कळतं, असा या घरात समज आहे. तो मीच पसरवलाय.) ती म्हणाली, येतात का रे? आणि मी म्हणालो, सगळं म्हणजे सगळं. आत्याने मान हलवली आणि सुईत दोरा ओवायला घेतला. एका फटक्यात ओवला. मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

मी ती चिठ्ठी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि स्क्रीनवर भलामोठा प्रश्न आला. इंग्रजी मला अर्धंच कळतं, पण नेमकं ते अर्धं मला कळलं, की आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का. खाली दोन बटणं. मागे काका, हाताची घडी घालून. शेजारी आत्या, सुईदोरा घेऊन. आता नाही म्हणायचं तर का नाही ते सांगावं लागणार, ते सांगायचं तर फोटोचं सांगावं लागणार, आणि पुढे गोदाम. मी अजून विचार करत होतो तोवर बोट पोचलंसुद्धा होतं. माझं बोट नेहमी माझ्या आधी पोचतं.

आणि मग ती दुपार सुरू झाली. अशी दुपार तू बघायला हवी होतीस. आमचं नेट म्हणजे काकांचा फोन, आणि फोनला ताकद येते ती फक्त खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात. म्हणून काका स्टुलावर चढून फोन वर धरून उभे राहिले. हात दुखला की दुसरा हात. कुणाचा फोन आला की सामान येणं थांबायचं, आणि फोन सारखा येत होता, कारण एका बाईंना कोटाच्या काजांची घाई होती. स्क्रीनवर एक निळी पट्टी, मुंगीच्या पावलाने सरकणारी. आम्ही तिघं तिच्याकडे बघत बसलो. रस्त्यावरचा आवाज हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखा झाला. मशीन बंद, पंखा संथ, रिळं पिकलेली. मी त्या पट्टीकडे बघता बघता आतून बाहेर गेलो. मला दिसायला लागलं, की ती चिठ्ठी खरंच निघालीये, कुठल्या कुठल्या गावांची दारं ठोठावतेय, कुठून एक अक्षर घे, कुठून घड्याळ घे, कुठून बाणाचं टोक घे, आणि ते सगळं सामान तारांवरून, गच्च्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून आमच्या खिडकीकडे येतंय. आणि सगळ्यांच्या मागे, जरा रेंगाळत, आत्याची पाखरं. मला मनापासून वाटलं की येतील. पुसली मीच होती, तरी वाटलं. आपणच मारलेली थाप ऊन पडल्यावर किती खरी दिसते रे!

आत्या म्हणाली, मोराला वेळ लागेल, जड आहे. चिमण्या आधी येतील. काका स्टुलावरून म्हणाले, मोराने पिसारा तिकडेच ठेवून यावं, इथे मिळेल.

संध्याकाळी पट्टी पूर्ण झाली. कॉम्प्युटर कोरा करकरीत उघडला. निळं आभाळ आणि एका कोपऱ्यात कचऱ्याची टोपली, तीही रिकामी. भरतकामाच्या प्रोग्रामची तबकडी आत्याच्या कपाटात होती (दोन होत्या), ती आम्ही चढवली. पण पाखरू एकही नाही. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, सामान आधी येतं, पाखरं मागून येतात. ती म्हणाली, हो का? बरं.

आणि तेव्हापासून ती रोज दुपारी खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसायला लागली. वाट बघत. हातात काही शिवण, डोळे त्या निळ्यावर. कुणी गिऱ्हाईक आलं तर सांगायची, जरा थांबा हं, आमची पाखरं यायचीत. मामा, मला खोटं बोलायचं काही वाटत नाही हे तुला माहीत आहे, पण ती अशी बसली की मी तिच्याकडे पाठ करून उगाच रिळं पुसत बसायचो. महिनाअखेर जवळ येत होती. तिकडे त्या खाटांवर पोरं झोपली असतील, कोऱ्या पडद्यांकडे बघत.

म्हणून मी पहिली चिमणी काढली. सकाळी आत्या बाजारात आणि काका अंघोळीला असताना. मला चित्रं येत नाहीत. माउस म्हणजे ओला साबण. चिमणीचं पोट काढायला गेलो तर बटाटा झाला, त्याला चोच लावली आणि ठेवून दिली. दुपारी आत्याला म्हणालो, अगं आत्या, एक उतरली बघ! तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, सुजलीये बिचारी, प्रवासाने. पुढच्या दिवशी कावळा उतरला. त्याला बघून ती म्हणाली, वाळला गं बाई माझा कावळा, रस्त्यात काही खाल्लेलं दिसत नाही. पोपट शेपटीशिवाय आला तेव्हा काका म्हणाले, हलकं यायचं तर शेपूट मागे ठेवावीच लागते, शहाणा आहे पोपट. आत्या म्हणाली, जकातवाल्यांनी काढून घेतली असेल. घुबडाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आले. त्यावर ती एवढंच म्हणाली, त्याने वाटेत काहीतरी भलतंच बघितलंय.

पण गंमत बघ. ती नुसती नावं ठेवत नव्हती. म्हणायची, बगळा येईल तेव्हा नीट बघ हं, त्याचा तो गुडघा मागे मुडपतो, पुढे नाही. प्रवासात उलटा झाला तर उभं कसं राहायचं त्याने? किंवा म्हणायची, पंख मानेतून नाही फुटत, खांद्यातून फुटतो, घार आली की दाखवते. मग मी सकाळी गच्चीवर जाऊन खरी पाखरं बघायला लागलो. तारेवर बसणारी, टाकीच्या नळाला चोच लावणारी. आत्तापर्यंत मी त्यांना फक्त खडे मारले होते. खडा हातात नसला की पाखरू किती मोठं दिसतं! घारीला तर एकदा पंख हलवला की परत हलवायचं आठवतच नाही, नुसती तरंगत असते, माझ्यासारखी, आत नसल्यासारखी. ती घार मी तीनदा काढली. ती उतरली तेव्हा आत्याने ती सरळ मशीनवर लावली आणि पडद्यावर भरून घेतली. मशीन खडखडत होतं आणि करड्या दोऱ्यातून पंख बाहेर येत होता, खांद्यातून. मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो. डोळ्यात दोऱ्याचा धुरळा गेला होता.

काल आत्या मला म्हणाली, मामाला कधी लिहिलंस तर विचार, त्याच्या मनोऱ्यावरून आमची पाखरं जाताना दिसली का. समुद्रावरूनच येत असतील. तर विचारतो. दिसली का रे?

बाकी ठीक. सामानाच्या बोटीवाल्याला पत्र देतो, तो तुला सावकाश पोचवेल.

तुझा भाचा,
उपद्व्याप

ता.क. आता खरं काम. वरचं सगळं वाचायला मजा यावी म्हणून लिहिलं, काम एवढंच आहे. मामा, कॉम्प्युटर जोडलास तेव्हा तू आतल्या सगळ्याची एक नक्कल घेतल्याचं मला पुसटसं आठवतं, पण तेव्हा पाखरं नव्हती. आणि नंतर एकदा आत्याने बोटीवाल्याबरोबर तुला लोकरीच्या मोज्यांची पिशवी पाठवली होती, त्यात तुझ्यासाठी काही कॉम्प्युटरचंही होतं असं ती म्हणाली होती. त्यात पाखरं आहेत का? असतील तर ताबडतोब पाठव. माझी जेमतेम निम्मी झालीयेत, महिना संपत आलाय आणि मोर माझ्याच्याने होणार नाही. मोराची मान मी काढली तर ती नळीसारखी दिसते. पाठवलीस की मी रोज थोडी थोडी उतरवीन, आत्याला वाटेल आलीच, आणि तिची वाट बघणं संपेल. मी गोदामातून वाचतो की नाही हे त्यानंतरचं. आधी पाखरं.

ता.क. २. थांब. पाकीट चिकटवायला काकांकडे खळ मागायला गेलो, तर त्यांनी विचारलं कुणाला पत्र, मी म्हणालो मामाला, तर ते पटकन म्हणाले, ‘त्या पाखरांच्या नकलेच्या डब्यासाठी का? अरे तो तुझ्या आत्यानेच मोज्यात गुंडाळून पाठवलाय, तू फोटोबिटो चिकटवायच्या कितीतरी आधी. एक वस्तू ठेवणारी बाई आहे का ती?’ आणि मग त्यांनी जीभ चावली. म्हणजे तिला फोटोचं माहीत होतं! तिने टकटक केल्याबरोबर ओळखलं होतं, कारण माउस सगळ्यांवरून फिरत होता आणि एकही चित्र उजळत नव्हतं. काकांना नंतर सांगितलं. मग पुसू का दिलंस असं काकांनी विचारलं, तर म्हणाली म्हणे, डबा सुरक्षित आहे, पोराला जरा वाट बघायला शिकू दे. आणि पहिली सुजलेली चिमणी बघितल्यावर तिने काकांना बजावलं, आता मामाला मुळीच कळवायचं नाही, पोराचा हात बसतोय. म्हणजे गेले कित्येक दिवस ती खुर्चीत बसून माझी वाट बघत होती, मामा. मी जन्मात केलेली कुठलीच गंमत इतकी चांगली नव्हती.

ता.क. ३. तेव्हा डबा पाठवू नकोस. पाठवलास तर आपलं भांडण. फक्त मोर तेवढा पाठव, तो खरंच जड आहे, आणि तो माझ्या नावाने पाठव. आणि हे कुणाला सांगू नकोस. काकांनी मला सांगितलं हे आत्याला सांगू नकोस, आत्याला माहीत आहे हे मला माहीत आहे हे काकांनाही बोलू नकोस (त्यांना माहीत आहे, तरीही), मी गच्चीवर पाखरं बघतो हे बाबांना तर अजिबातच नको. तुझ्या त्या पावचोर समुद्रपक्ष्यालासुद्धा नको, त्यालाही कधीतरी काढायचा आहे. शप्पथ घे मामा. आता जातो. आत्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि आज बगळा उतरायचाय.